कोण कोणाची वाट पाहतं?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन करताना थोडी काटछाट केली आहे.)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी सांगितलं, "वीस मिनिटं बोल. तू पुण्यात नेमकं काय करतेस तेवढं सांग." हे 'तेवढं' फार अवघड आहे. माझ्या सासूबाई शेजारी सांगतात, "आमची सून कॉम्प्युटरमध्ये आहे." मंगळवेढ्याला आले की कुणीतरी बंद पडलेला प्रिंटर आणून पुढ्यात ठेवतं. मला प्रिंटर दुरुस्त करता येत नाही, हे आज माईकवरून जाहीर करते.

प्रोग्रॅम लिहिणारे लोक वेगळे. मी त्यांच्या आधी जाते. शिंप्याच्या दुकानात शिवणारा एक आणि मापं घेणारा एक असतो ना, त्यातलं मापं घेण्याचं काम माझं. एखादी बँक, कारखाना, दवाखाना म्हणतो, आम्हाला सॉफ्टवेअर पाहिजे. मग त्यांना काय पाहिजे ते विचारून, लिहून, तपासून प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या हातात द्यायचं. आमच्या भाषेत याला रिक्वायरमेंट म्हणतात. ऐकायला सोपं वाटतं. पण माणसाचं माप घ्यायला समोर माणूस उभा असतो. संस्थेला खांदा कुठे, कंबर कुठे? साहेबांना विचारलं तर ते एक सांगतात, कारकुनाला विचारलं तर दुसरं, आणि खिडकीबाहेर रांगेत उभ्या असलेल्या माणसाला तर कुणी विचारतच नाही. बहुतेक ठिकाणी साहेब एक यादी देतात: हा स्क्रीन पाहिजे, हा रिपोर्ट पाहिजे, हे बटण इथं पाहिजे. यादीप्रमाणे सगळं करून दिलं जातं, नारळ फुटतो, फोटो निघतात. सहा महिन्यांनी जाऊन बघावं तर शेजारी जुनी वही उघडीच असते, आणि खरं काम वहीतच चाललेलं असतं.

असं का होतं, यावर माझं आयुष्य गेलंय असं म्हटलं तरी चालेल. आणि त्यावर जो एक उपाय मला पटला, तो समजावून सांगायला मला आपल्या गावाबाहेर जायची गरज नाही.

दामाजीपंतांची गोष्ट आपल्याला कुणी शिकवावी लागत नाही. बेदरच्या बादशहाचं धान्याचं कोठार मंगळवेढ्यात, त्याची राखण दामाजीपंतांकडे. दुष्काळ पडला, माणसं अन्नावाचून मरू लागली, पंतांनी कोठार उघडलं. पुढे बादशहाचा हुकूम आला, पंतांना धरून नेलं, आणि विठू महाराच्या रूपात पांडुरंगानं दरबारात जाऊन पैसे भरले, पावती घेतली. आपण ही गोष्ट भक्तीची म्हणून ऐकतो, आणि तशीच ऐकावी. पण आज माझ्या कामाच्या डोळ्यांनी ती एकदा बघा.

समजा, त्या काळी बादशहानं मला बोलावून सांगितलं असतं की कोठाराचा हिशेब ठेवायची व्यवस्था लावून दे. मी बेदरला जाऊन विचारलं असतं. त्यांनी काय यादी दिली असती? किती खंडी आली, किती गेली, कुलूप कुणाच्या हातात, मोहोर कुणाची. यादी बरोबर आहे, त्यात चूक काहीच नाही. फक्त त्या यादीत भुकेलेला माणूस कुठेच नाही.

आता यादी बाजूला ठेवून कागदावर गोल काढू. एक गोल बादशहा, एक दामाजीपंत, एक रयत. कोण कोणावर कशासाठी अवलंबून आहे, तशा रेघा ओढू. बादशहा पंतांवर अवलंबून: धान्य सुरक्षित राहावं म्हणून. रयत पंतांवर अवलंबून: जीव वाचावा म्हणून. पंत बादशहावर अवलंबून: हुद्दा आणि जीव दोन्हीसाठी. एकाच माणसाकडे दोन रेघा येतात, आणि पाऊस चांगला असेल तोवर त्या सुखानं नांदतात. दुष्काळ पडला की दोन्ही पुऱ्या करणं शक्य नाही. कोठारात गडबड होणार, हे पंतांची नेमणूक झाली त्या दिवशीच या कागदावर दिसत होतं. हिशेबाच्या वहीत ते कधीच दिसलं नसतं.

हे गोल आणि रेघा म्हणजे संस्थेचं मॉडेल. पद्धत माझी नाही. कॅनडात टोरांटो विद्यापीठात एरिक यू म्हणून संशोधक आहेत, त्यांनी 1995 मध्ये आपल्या प्रबंधात ती मांडली. नाव आय-स्टार. त्यांचे मार्गदर्शक जॉन मायलोपोलस. तोवर आमच्या धंद्यातले लोक 'सॉफ्टवेअरनं काय करावं' एवढंच लिहीत. यू म्हणाले, त्याच्या आधीची एक पायरी आहे: हे पाहिजे कुणाला, आणि का? त्यांनी अवलंबून असण्याचे चार प्रकार केले. कधी मी तुमच्यावर एखाद्या वस्तूसाठी अवलंबून असते: दाखला, पैसे, पोतं. कधी ठरावीक पद्धतीनं करायच्या कामासाठी. कधी फक्त परिणामासाठी, तुम्ही कसंही करा पण ते होऊ द्या. आणि चौथा प्रकार मला सगळ्यात आवडतो: मोजता न येणारी अपेक्षा. 'वेळेत', 'विश्वासानं', 'चारचौघांत अपमान न होता'. ही चौथी गोष्ट सरकारी टेंडरमध्ये लिहिलेली मी आजवर पाहिली नाही, आणि लोक सॉफ्टवेअरवर चिडतात ते बहुतेक वेळा तिच्यासाठीच. पुढे 2008 मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानं या विचारावर उभी राहिलेली एक पद्धत प्रमाण म्हणून स्वीकारली. म्हणजे हा कुणा एकाचा छंद राहिलेला नाही.

आणि पुण्याचाही यात वाटा आहे. फकीरचंद कोहली यांच्या पुढाकारानं 1981 मध्ये पुण्यात टाटांचं संशोधन केंद्र सुरू झालं, टीआरडीडीसी नावाचं. आधी मॉडेल काढायचं आणि मॉडेलवरून प्रोग्रॅम तयार करायचा, यावर तिथं फार वर्षं काम झालं. पुढे पुढे तिथले लोक आख्ख्या कंपनीचंच मॉडेल करून 'असं केलं तर काय होईल' हे आधी कागदावर, म्हणजे संगणकावर, बघण्यापर्यंत गेले. बाहेरच्या जगाची एवढी ओळख पुरे. परत आपल्या तालुक्यात येते.

इथं बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या तरी नावावर जमीन असेल. तुमच्या कपाटात सातबारा आहे. माझा मुलगा लहानपणी सात-बारा ही तारीख समजायचा. सात म्हणजे गाव नमुना सात, जमीन कुणाची. बारा म्हणजे गाव नमुना बारा, त्यात पीक काय. हे दोन नमुने एका कागदावर आले म्हणून सातबारा. तलाठ्याच्या दप्तरात असे एकवीस नमुने. मुंबई इलाख्यातल्या अँडरसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या मॅन्युअलवरून ते महसूल खात्यात रूढ झाले. मी कामासाठी पहिल्यांदा हे नमुने ओळीनं वाचले तेव्हा थक्क झाले. संगणक जन्मायच्या आधीचं ते गावाचं मॉडेल आहे. नमुना सहा, फेरफाराची नोंदवही. सहा-क, वारसांची. आणि मला सगळ्यात जास्त आवडलेला सहा-अ, तो तक्रारींचा! ज्या नोंदीवर कुणीतरी हरकत घेतली, ती नोंद इकडे येते.

बघा, फेरफार म्हणजे काय? तुम्ही जमीन घेतली, तलाठ्यानं नोंद धरली. पण तेवढ्यानं ती पक्की होत नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम 150 प्रमाणे चावडीवर ती लावायची, ज्यांचा संबंध आहे त्यांना नोटीस द्यायची, पंधरा दिवस थांबायचं. हरकत आली तर सहा-अ मध्ये घालून चौकशी करायची. मग मंडळ अधिकारी ती प्रमाणित करणार. लिहिणारा एक, मंजूर करणारा दुसरा, आणि मधले पंधरा दिवस गावाचे. आपल्याला हे पंधरा दिवस डोकेदुखी वाटतात. पण ज्या बहिणीचं नाव भावांनी गुपचूप गाळलं, तिच्यासाठी तेच पंधरा दिवस असतात. तिला ते कळले तर.

आता ई-फेरफार आलं. एनआयसीच्या पुण्याच्या लोकांनी ते तयार केलं. दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत झालं की त्याची सूचना संगणकातूनच तलाठ्याकडे जाते, तुम्हाला कागद घेऊन हिंडायला लागत नाही. 1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. मला या कामाचं कौतुक आहे, आणि ते कशाचं आहे ते नीट सांगते. 'झटपट नोंद पाहिजे' एवढीच रिक्वायरमेंट कुणी लिहिली असती तर एखाद्या हुशार पोरानं पंधरा दिवसांचा थांबा उडवूनच टाकला असता. दस्त झाला, बटण दाबलं, नाव लागलं. प्रोग्रॅमला ते एका सेकंदाचं काम आहे. पण नोटीस, मुदत, हरकत, दुसऱ्या माणसाची मंजुरी, हे सगळं संगणकातही राहिलं, कारण खाली जुन्या नमुन्यांचं मॉडेल होतं आणि ते कुणी मोडलं नाही. 2017 मध्ये संगणकातले सातबारे गावोगाव चावडीवर वाचून दाखवले, आठवतंय का? चावडी वाचन. संगणकातली चूक हुडकायला शेवटी गावाचे कान लागले.

जिथं अडतं तेही सांगते. आपल्याकडे दस्त नोंदणी एका खात्याकडे, सातबारा महसूलकडे, मोजणी आणि नकाशा भूमी अभिलेखकडे. मेल्विन कॉनवे नावाच्या माणसानं 1968 मध्येच लिहून ठेवलंय की संस्था जशा तुकड्यांत बोलते, तशाच तुकड्यांची यंत्रणा ती बनवते. तीन खाती, म्हणून तीन यंत्रणा, आणि तिघांच्या मधली गाळलेली जागा भरायला शेतकरी पिशवीत कागद घालून हिंडतो. आता त्यातली एक फट बुजली आहे. सातबाऱ्यावरचं क्षेत्र आणि नकाशावरचं क्षेत्र यांचं भांडण मात्र तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पुढच्या बाकावर बसलेत काही जण, हसतायत!

मला खरं बोलायचंय ते नमुना बाराबद्दल. पीक पाहणी.

पूर्वी काय होतं? तलाठी गावात येणार, शिवारात फिरणार, कुठल्या गटात काय पीक आहे ते बारा नंबरात भरणार. निदान कागदावर तरी असं होतं. आपल्याकडे रब्बीची ज्वारी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनसुद्धा मिळालंय. पण तुमच्या रानात ज्वारी उभी आहे हे सरकारला, बँकेला, विमा कंपनीला कळणार ते त्या नोंदीवरून. म्हणजे रेघ अशी: शेतकरी तलाठ्यावर अवलंबून, नोंदीसाठी. तलाठ्याकडे गावं जास्त, दिवस कमी. कधी नोंद चावडीत बसून व्हायची, मागच्या वर्षीचीच पुढे ओढली जायची. मग अनुदानाच्या वेळी आरडाओरडा.

15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. ज्याचं शेत त्यानंच मोबाइलवर पीक नोंदवायचं, शेतात उभं राहून फोटो काढायचा. 'माझी शेती, माझा सातबारा, मीच लिहिणार माझा पेरा.' कल्पना चांगली आहे, मी मनापासून सांगते. शेतकऱ्याची तलाठ्याकडे जाणारी रेघ पुसली, तो आपल्या नोंदीचा मालक झाला. यादीच्या भाषेत बोलायचं तर काम फत्ते.

आता तोच कागद पुन्हा घेऊ. गावात एक मावशी आहे असं समजा. तुमच्या सगळ्यांच्या ओळखीत अशी एक आहेच. वय सत्तर, नवरा नाही, चार एकर कोरडवाहू तिच्या नावावर, मुलगा पिंपरी-चिंचवडला. तिच्याकडे बटणांचा फोन. तिनं नोंद कशी करायची? एका मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते, अशी सोय ॲपमध्ये आहे. म्हणजे पुतण्या करून देईल. ठीक. पण बघा काय झालं. मावशीची तलाठ्याकडे जाणारी रेघ गेली आणि पुतण्याकडे जाणारी आली. तलाठ्याची रेघ कायद्यानं बांधलेली होती. त्यानं नाही केलं तर तहसीलदाराकडे जाता येत होतं. पुतण्याची तक्रार कुणाकडे करायची? त्याच्याशी बांधावरून भांडण असेल तर? तो म्हणाला, "करतो की काकू, रेंज नव्हती," तर?

स्क्रीन कसा दिसावा याच्याशी या प्रश्नाचा काही संबंध नाही. बटणं मोठी करा, मराठी सोपी करा, जरूर करा. पण मावशी अडली आहे ती रेघेवर. अवलंबून राहणं संपलं असं यादी सांगते. ते दुसऱ्या घरी राहायला गेलं, एवढं मॉडेल दाखवतं.

व्यवस्थेलाही हे हळूहळू कळत गेलं, हे कबूल केलं पाहिजे. पुढच्या सुधारित ॲपमध्ये शेतकऱ्याला आपली नोंद 48 तासांत स्वतः दुरुस्त करायची सोय आली. काही टक्के नोंदी तलाठ्यानं पडताळायच्या असं ठरलं. आणि नंतर तर, ज्यांच्या नोंदी राहतात त्यांच्यासाठी गावोगाव सहाय्यक नेमले गेले. सहाय्यक म्हणजे काय? मावशीसाठी पुसलेली रेघ पुन्हा काढली, फक्त वेगळ्या माणसाकडे. माझं म्हणणं एवढंच, की पहिल्या दिवशी एका दुपारी आठ-दहा गावकरी बसवून हे गोल काढले असते, तर तो सहाय्यक पहिल्याच हंगामात कागदावर उगवला असता. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. नाव बदललं, पण शिवारात जायला दिवसाचे तास पूर्वी होते तेवढेच आहेत, हेही त्या कागदावर यायला पाहिजे.

आता माझ्या स्वतःच्या कामातली एक गोष्ट सांगते, मग थांबते. एक साखर कारखाना. नाव सांगणार नाही, आणि कृपा करून जेवताना विचारू नका. त्यांना ऊसतोडणी कार्यक्रमाचं सॉफ्टवेअर पाहिजे होतं. आधी एक घेतलेलं होतं, ते पडून होतं. रिक्वायरमेंट एका ओळीची: लागणीच्या तारखेप्रमाणे तोडणीचा क्रम लावून द्या. आडसाली आधी, मग पूर्वहंगामी, मग सुरू आणि खोडवा. जुनं सॉफ्टवेअर क्रम अगदी बिनचूक लावत होतं. फक्त त्या क्रमानं ऊस तुटत नव्हता.

आम्ही चार दिवस फक्त गोल काढले. शेतकी अधिकारी, चिटबॉय, मुकादम, टोळी, ट्रॅक्टरवाला, शेतकरी. शेतकरी टोळीवर अवलंबून, वेळेत तोडीसाठी. उशीर झाला की उसाला तुरा येतो, वजन घटतं, रान पुढच्या पिकाला मोकळं होत नाही. टोळी मुकादमावर अवलंबून, उचलीसाठी, जी हंगामाच्या आधीच घेऊन खर्च झालेली असते. मुकादम कारखान्यावर, त्याच उचलीसाठी. टोळीची मजुरी टनावर. तारखेप्रमाणे आज इथं एक एकर, उद्या सहा किलोमीटरवर अर्धा एकर असं फिरवलं तर त्यांचा दिवस हलवाहलवीत जातो. मग टोळी एका शिवारात बसली की तिथलं सगळंच उरकते. आणि ज्याला लवकर पाहिजे तो शेतकरी टोळीला खुशाली देतो, ड्रायव्हरला एंट्री देतो. ही रेघ कारखान्याच्या एकाही कागदावर नव्हती, आणि तोडणीचा खरा क्रम तीच लावत होती. आम्ही ती काढली तेव्हा खोलीत जी शांतता झाली, तशी मी फक्त गणिताच्या तोंडी परीक्षेत अनुभवली आहे.

सॉफ्टवेअरनं खुशाली बंद होते का? नाही होत. मी तसं कुणाला वचनही देत नाही. पण रिक्वायरमेंट बदलल्या. क्रम एकेका शेताऐवजी शिवारवार लागला, म्हणजे टोळीचा फेरा वाचला. शेतकऱ्याला आपला नंबर कितवा आणि आपल्या पुढचे कोण, हे फोनवर दिसायला लागलं. कुणी नंबर ओलांडून पुढे गेला तर चिटबॉयला कारण लिहावं लागतं, आणि ते कारण सगळ्यांना दिसतं. चिटबॉय पहिले आमच्यावर रागावले. नंतर त्यातल्याच एकानं सांगितलं, "मॅडम, आता पुढारी फोन करतात तेव्हा मी म्हणतो, कारण काय लिहू तेवढं सांगा."

पण ही गोष्ट मी सांगतेय ती दुसऱ्याच कारणासाठी. चौथ्या दिवशी टोळीतल्या लोकांना बोलावलं. पुरुष आले. एक बाई चहाची किटली घेऊन आली होती, ती दारात थांबली. आम्ही फळ्यावर गोलात 'कोयता' लिहिलं होतं. तिथं कोयता म्हणजे एक जोडी, नवरा-बायको. उचल कोयत्यावर, हिशेब कोयत्यावर. नोंदवहीत कोयत्यासमोर नाव एकच, नवऱ्याचं. ती बाई फळ्याकडे बघत म्हणाली, "ह्यात आम्ही कुठं हाय?"

मी कितीतरी संस्थांची मॉडेलं काढली आहेत, पण इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारलेला नाही. ऊस ती तोडते, मोळी ती बांधते, गाडीवर ती चढवते. तिच्या हातावर कोयता बसला तर कारखान्याच्या संगणकात ती कोण? कुणीच नाही. आणि आम्ही काढलेल्या मॉडेलमध्येही तिचा गोल नव्हता, कारण बैठकीला कुणाला बोलवायचं ते कारखान्यानं ठरवलं होतं. या पद्धतीची खरी मर्यादा ही आहे. जो खोलीत नाही तो कागदावर येत नाही, कागद कितीही सुबक असो.

पुढच्या हंगामाच्या नोंदणीत कोयत्यासमोर दोन नावांचे दोन रकाने आले. एवढंच झालं. मजुरी अजून मुकादमाकडेच जाते. दोन बँक खात्यांचा प्रस्ताव आम्ही दिला होता, तो 'पुढच्या टप्प्यात' आहे. आमच्या धंद्यात 'पुढचा टप्पा' म्हणजे काय, ते इथं ज्यांची बढती अडकली आहे त्यांना समजावून सांगायला नको.

आपल्या तुकडीत आज तलाठी आहेत, बँकेचे मॅनेजर आहेत, पतसंस्थेचे संचालक आहेत, तीन मुख्याध्यापक आहेत, एक परिचारिका आहे. तुमच्या ऑफिसात कधी ना कधी माझ्यासारखं कुणीतरी लॅपटॉप घेऊन येईल आणि विचारेल, तुम्हाला काय काय पाहिजे? तेव्हा लगेच स्क्रीनची यादी देऊ नका. आधी त्याला सांगा, तुम्ही रोज कुणाची वाट पाहता, आणि कोण तुमची वाट पाहतं. गुरुजनांना तर मी विशेष विनंती करते. पोरांची माहिती ऑनलाइन भरायला शिक्षक रात्री बारा वाजता उठतात, कारण दिवसा सर्व्हर दमलेला असतो. पत्रकात लिहिलेलं असतं 'मुख्याध्यापकांनी माहिती भरावी', आणि भरतो तो शाळेतला सगळ्यात तरुण शिक्षक, स्वतःच्या मोबाइलच्या डेटावर. हा गोल काढून वर पाठवा. न मागता पाठवा.

आणि मघाशी ज्यांनी सातबाऱ्याच्या क्षेत्राला मान हलवली, ते जेवणानंतर मला भेटा. मला भूमी अभिलेखचा कागद बघायचाय. प्रिंटर मात्र आणू नका.